जीएस आणि यूआरच्या उमेदवारांनो, कार्यक्रम शेवटच्या बसच्या आधी ठेवा

प्रिय उमेदवारांनो,

सध्या गोव्यातल्या सगळ्या कॉलेजांत जीएस (जनरल सेक्रेटरी) कोण होणार आणि यूआर (युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्ह) कोण होणार ह्याचीच चर्चा चाललीय, ग्रुपवर रोज नवीन फोटो, नवीन पॅनल, कुणी कुणाला फोडलं त्याच्या बातम्या. इलेक्शन म्हटलं की एवढं होणारच. तुमच्यातलेच यूआर पुढे जाऊन विद्यापीठाचं विद्यार्थी मंडळ निवडणार, म्हणून हे पत्र एका कॉलेजच्या नाही तर सगळ्यांच्याच उमेदवारांना लिहितेय, पेडण्यापासून काणकोणपर्यंत जे कोण उभे आहात त्यांना. पॅनल कुठलं आहे त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

तुमचे जाहीरनामे वाचले. वाय-फाय, कँटीनचे रेट, पार्किंग, स्पोर्ट्सचं सामान, मोठा फेस्ट, डीजे. ह्यातलं बरंचसं हवंच आहे. पण एक गोष्ट कुणीच लिहिलेली नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच यायला पाहिजे. कार्यक्रम, क्लब, प्रॅक्टिस, मीटिंगा हे सगळं दिवसा घ्या, लेक्चरं चालू असतात त्या वेळातच. आठवड्यातून दोन दिवस एक तास सगळ्या वर्गांना, सगळ्या डिपार्टमेंटना एकाच वेळी मोकळा मिळेल असं टाइमटेबल मागून घ्या. मागणं एवढंच आहे. का मागतेय ते आता सांगते.

मी एका कॉलेजात बीए केलं, मग ताळगांवच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमए, आणि आता तिथंच पीएचडी करतेय. घर सत्तरीत. म्हणजे एवढ्या वर्षांत किती बॅच आल्या आणि गेल्या ते डोळ्यासमोर बघितलंय. प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात सगळे सगळ्यांशी बोलतात, नंबर घेतात, ग्रुप करतात, आणि चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपून परत येईपर्यंत वर्गाचे तुकडे पडलेले असतात. हॉस्टेलचे एका बाजूला, पणजी-ताळगांवचे गाडीवाले एका बाजूला, सासष्टीतले शटलचे (मडगाव-पणजी थेट बसचे) एकत्र, फोंड्याचे एकत्र, आणि सांगे, काणकोण, सत्तरीचे जे असतात ते कुणाबरोबरच नाहीत, ते घड्याळाकडे बघत असतात.

आणि हे तुकडे भांडणातून पडत नाहीत हे लक्षात घ्या, कुणी कुणाला वाईट बोललेलं नसतं. वेळच एकत्र मिळत नाही. लेक्चरमध्ये मैत्री होत नाही, ती लेक्चर संपल्यावर होते, आणि लेक्चर संपलं की अर्धा वर्ग बसस्टॉपवर.

गोवा केवढासा, बारा तालुके. पण वर्गात कोण कोण बसलेलं असतं बघा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या शंभरातल्या साधारण 66 जणांनी मातृभाषा कोकणी सांगितली, 11 जणांनी मराठी, 10 जणांनी हिंदी, साडेचारच्या वर कानडी, मग उर्दू आणि बाकीच्या. धर्मानं बघितलं तर 66 टक्के हिंदू, 25 टक्के ख्रिस्ती, 8 टक्के मुसलमान. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला 2003 साली अनुसूचित जमातीत घेतलं आणि शंभरातले दहा गोंयकार (गोवेकर) त्यात येतात, त्यातल्या कितीतरी घरांतली पहिलीच पिढी आज कॉलेजात आहे. त्यात बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून येणारे, कारवारहून येणारे, केरळ आणि ईशान्येकडून आलेले हॉस्टेलवाले. एवढं सगळं एका वर्गात आयतं येऊन बसलंय, मुंबई-पुण्याच्या मोठ्या विद्यापीठांसारखं लाखभर मुलांत हरवून जायचीही भीती नाही, आणि तरी तीन वर्षं बाजूच्या बाकावर बसून त्याचं गाव कुठलं हे माहीत नसतं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

बसचं नीट सांगते कारण ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत त्यांना ते समजत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी ते कधी बघितलेलं नसतं. पठारावरून आधी पणजीच्या कदंब (सरकारी बसच्या) स्टँडवर यायचं. तिथून वाळपईची बस, बाणस्तारी, माशेल, साखळी, होंडा करत. वाळपईला उतरलं की गावची बस, आणि ती गेली तर मग भाऊ किंवा बाबा बाइक घेऊन येणार, पावसात, काळोखात, रानातल्या रस्त्यानं. काणकोणच्या मुलीला ह्याच्याहून लांब, पणजी ते मडगाव शटल आणि मग पुढे करमलचा घाट. रात्र पडली की आपल्याकडच्या बशी कमी होतात हे सगळ्यांना माहितीय, खाजगी तर दिसतच नाहीत. म्हणून घरातून एकच वाक्य असतं, काळोख पडायच्या आत घरी. मुलींना तर जास्तच. आणि आज बहुतेक वर्गांत मुलीच जास्त आहेत.

आता कार्यक्रमाची नोटीस बघा. कुठल्या कॉलेजात वर्ग दुपारी दीडलाच सुटतात, पठारावर ते पाचपर्यंत जातात, पण नोटिशीवरची वेळ मात्र सगळीकडे सारखी, संध्याकाळी साडेपाच. त्यात पाहुणे यायला उशीर, साउंडवाल्याला उशीर. ज्यानं ही वेळ ठरवली त्यानं मुद्दाम कुणाला वगळलेलं नाही, पण त्या वेळेनं कोण कोण बाहेर राहिलं त्याची यादी काढा, गावंच्या गावं निघतील. आणि एक सांगा, जिमखाना फी त्या मुलांनी कमी भरलीय का? हॉस्टेलच्या मुलानं भरली तेवढीच धारबांदोड्याच्या मुलीनं भरली. तिच्या पैशातून डीजे येतो आणि ती तेव्हा फोंड्याच्या स्टँडवर दुसरी बस पकडायला धावत असते.

बीएला होते तेव्हाचं एक सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. ट्रॅडिशनल डे होता. मुलींनी कुणबी साड्या आणल्या होत्या, लाल चौकड्यांच्या, पणजीच्या दुकानांतून घेतलेल्या, महाग. नेसता कुणालाच येत नव्हती. आमच्या वर्गात केप्याच्या आतल्या वाड्यावरची एक कुणबी मुलगी होती, वर्गात कधी बोलायची नाही, शेवटच्या बाकावर. त्या दिवशी लेडीज रूममध्ये कुणीतरी तिला विचारलं आणि ती एकेकीला नेसवत गेली. नेसण गुडघ्याच्या किती खाली ठेवायचं, पदर कसा घ्यायचा, खांद्यावरची गाठ कशी मारायची म्हणजे काम करताना सुटत नाही, आजी शेतात लावणीला जाताना कशी घट्ट नेसते, सगळं सांगत होती आणि हसत होती. तिला एवढं बोलताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. तिची स्वतःची साडी आजीची होती, जुनी, वापरून मऊ झालेली, सगळ्यांत सुंदर तीच. फॅशन शो तीनला होता. तो सुरू झाला पाचनंतर. साडेपाचची बस चुकली तर पुढची गावापर्यंत जात नव्हती, म्हणून ती कपडे बदलून, साडी पिशवीत घालून निघून गेली. स्टेजवर तिनं नेसवलेल्या सगळ्या मुली चालल्या, बक्षीसही त्यातल्याच एकीला मिळालं.

मला त्या बक्षीसवालीचा राग नाही, ती माझी मैत्रीण आहे. पण दोन तासांच्या उशिरानं काय गेलं ते मोजायला कुणी नव्हतं. ती मुलगी स्टेजवर चालली असती तर पुढची दोन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसली नसती असं मला आजही वाटतं.

दुसरी गोष्ट वास्कोच्या मुलाची. आईवडील कर्नाटकातून कामाला आलेले, हा जन्मलेला वास्कोत, शाळा वास्कोत, कोकणी आमच्याहून साफ बोलतो. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "तूं खंयचो?" तो म्हणाला, "वास्कोचो." लगेच पुढचा प्रश्न, "तशें न्हय, मूळचो खंयचो?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही, आपल्याकडे सगळ्यांनाच गाव, वाडा, देऊळ विचारायची सवय. पण त्याला हा प्रश्न आयुष्यभर विचारलेला आहे आणि तो कशासाठी असतो ते त्याला बरोबर कळतं. एरवी पाठीमागे "घाटी" म्हणणारे आहेतच, ते नाकारून चालणार नाही. तसंच "कोट्यातून आला" हे कुजबुजणारेही आहेत, आणि मराठीत लिहिणाऱ्याला "हा गोंयकार कसला" म्हणणारे आणि रोमीत (रोमन लिपीतली कोकणी) लिहिणाऱ्याला नाक मुरडणारेही. आपली भाषेची भांडणं जुनी आहेत, विद्यापीठ 1985 साली सुरू झालं ते कोकणी की मराठी ह्या भाषेचं आंदोलन पेटत होतं त्याच काळात, आणि 1987 च्या राजभाषा कायद्यानंतरही ती काही पूर्ण शमलेली नाहीत. ती तुम्ही एका वर्षात मिटवाल असं मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र सगळे इंग्लिश अक्षरांतच कोकणी-मराठी मारतात, तिथं कुणाचं लिपीवरून भांडण होत नाही, कारण तिथं एकमेकांना काहीतरी सांगायचं असतं.

तर वास्कोच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, एमएला असताना एका एकांकिकेची प्रॅक्टिस योगायोगानं दुपारी होत होती, कारण हॉल संध्याकाळी दुसऱ्या कुणाला दिलेला. त्यामुळे त्या वर्षी टीममध्ये बसवाले पण आले. गावातल्या जत्रेच्या नाटकात लहानपणापासून काम केलेला डिचोलीचा एक, तियात्रात (कोकणी संगीत नाटकात) गाणारा कुंकळ्ळीचा एक, मणिपूरची एक मुलगी लाइटला, आणि हा वास्कोवाला तबल्यावर. महिनाभर रोज तासभर एकत्र, मध्ये कँटीनची पातळभाजी-पाव आणि चा. त्या महिन्यानंतर मूळचा कुठला हे त्याला त्या टीममधल्या कुणी विचारलं नाही. भाषण नाही, पोस्टर नाही, कुणी "विविधतेत एकता" म्हटलं नाही. काम होतं आणि वेळ होता. पुढच्या वर्षी हॉल संध्याकाळचा मिळाला आणि टीम परत हॉस्टेल आणि पणजीवाल्यांची झाली.

पैशाचंही बोलूया. फेस्टचा टीशर्ट, फेअरवेलचा ड्रेसकोड, ट्रिपची काँट्रिब्यूशन, वाढदिवसाला कॅफे. ज्याला परवडत नाही तो "मला बरं नाही" सांगून येत नाही, परवडत नाही असं कधीच सांगत नाही. तुम्ही हे ठरवू शकता की मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात भाग घ्यायला टीशर्ट लागणार नाही, वर्गणी लागणार नाही. लिंगडोह समितीनं 2006 साली विद्यार्थी निवडणुकीत एका उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत ठेवा म्हटलंय, छापील पोस्टर नको, हातानं केलेलं चालेल म्हटलंय. निवडणुकीला हा नियम आहे तर निवडून आल्यावरच्या कार्यक्रमांना तोच हिशेब का नको?

आता तुम्हाला काय उत्तरं मिळतील ते मला माहितीय, कारण ती मी ऐकलेली आहेत. पहिलं, टाइमटेबल बदलता येत नाही. येतं. सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी असतात ही खरी अडचण आहे, म्हणून तो तास दुपारच्या सुट्टीला जोडून घ्यायचा, प्रॅक्टिकल अर्धा तास पुढे सरकवायचं, आणि दोनच दिवस. सरांना, मॅडमना हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सांगितलं तर जमतं, मधेच मागितलं तर नाही जमणार. दुसरं, संध्याकाळशिवाय मजा येत नाही. अहो, मोठा फेस्ट ठेवा ना संध्याकाळी, वर्षातून एकदा कोण नाही म्हणतंय. पण त्या दिवशी बस ठेवा. कदंबची बस भाड्यानं मिळते, लग्नाला घेतोच की आपण. वाळपई, पेडणे, सांगे आणि काणकोण अशा चार बशी. डीजेच्या पैशातून सहज होईल, आणि नाही झालं तर डीजे थोडा कमी भारीचा आणा. तिसरं उत्तर असं की येणारे येतात, न येणाऱ्यांना इंटरेस्टच नसतो. हे उत्तर मला सगळ्यात जास्त लागतं. इंटरेस्ट नसलेली मुलं घरी गावच्या जत्रेत रात्रभर नाटक उभं करतात, शिगम्याला रोमट (ढोल-ताशांची मिरवणूक) घेऊन गावंच्या गावं फिरतात, सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) विहिरीत उड्या मारतात, चर्चच्या फेस्ताची अख्खी तयारी करतात. गावात एवढा जीव टाकणारा मुलगा कॉलेजात आला की त्याचा इंटरेस्ट कुठं जातो?

ह्या एका तासात काय करायचं ते तुमच्यावर. मी एवढंच सांगेन की टीम डिपार्टमेंटवार करू नका, चिठ्ठ्या टाका. डिपार्टमेंट विरुद्ध डिपार्टमेंट ठेवलं की आहे तोच तुकडा अजून घट्ट होतो. क्रिकेट असो, क्विझ असो, रांगोळी असो, चिठ्ठीनं टीम पाडा आणि महिनाभर तीच ठेवा. सूत्रसंचालन फक्त इंग्लिशमध्ये नको, कोकणी, मराठी, हिंदी जे येतं त्यात बोलू द्या, चुकलं तर चुकू द्या. आणि जागा बघताना व्हीलचेअर जाते का ते बघा. 2016 च्या दिव्यांग कायद्यानं उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्यात, पण जिना चढून जायच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला तर ती मुलं वर्गापर्यंतच येणार, पुढे नाही.

हॉस्टेलवाल्यांचं वेगळं. त्यांच्याकडे संध्याकाळ असते पण गोवा नसतो. तीन वर्षं राहून त्यांनी दोनापावल, मिरामार आणि मॉल एवढंच बघितलेलं असतं. चवथीला हॉस्टेल रिकामं होतं आणि लांबचे तेवढे मागे राहतात, आसामची मुलगी चवथीला घरी जाऊन येऊ शकत नाही. मी माझ्या केरळच्या मैत्रिणीला एकदा चवथीला घरी आणलं. आईनं पहिल्यांदा विचारलं, ती आपलं जेवण खाईल ना गे? तिनं खतखतं तीनदा वाढून घेतलं, माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या रानफळांखाली) उभी राहून बाबांना एकेका फळाचं नाव विचारत होती, कांगलां, कुंयाळां, घागऱ्या, आणि बाबा कधी एवढे बोलत नाहीत ते सगळी रानं सांगत बसले. रात्री घुमट आरतीला वाड्यावरच्या मुलांनी तिला शामेळ वाजवायला दिलं. आजही आई मला विचारायच्या आधी तिची चौकशी करते. मंडळानं हे करायला एक पैसा लागत नाही, एक यादी लागते, कोण मागे राहणार आणि कुणाच्या घरी जागा आहे. नाताळाला तशीच उलटी यादी, सासष्टी-बार्देशच्या घरांची. सत्तरीतली कितीतरी मुलं अशी आहेत ज्यांनी आजपर्यंत ख्रिस्ती मित्राच्या घरात पाऊल टाकलेलं नाही, आणि उलटही तेवढंच खरं. गोव्यात राहून. हे बोलायला आपल्याला आवडत नाही म्हणून लिहितेय.

आणि विद्यार्थी मंडळाच्या हातात काय असतं असं कुणी म्हणेल त्याला जुनं सांगा. आज आपल्याला बसमध्ये सवलत आहे ती कुणी आपणहून दिलेली नाही. 1979 च्या सुमारास गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर येऊन आंदोलन केलं, तेव्हा कदंब महामंडळ पण नव्हतं, ते 1980 साली आलं. विद्यापीठ पण नव्हतं, कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. फोन नाही, ग्रुप नाही. तरी वेगवेगळ्या कॉलेजांतली, वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र आली, कारण बसचं तिकीट सगळ्यांना सारखंच पडत होतं. त्यांनी गावातल्या मुलाला कॉलेजच्या गेटपर्यंत आणून सोडलं. गेटच्या आतलं काम राहिलंय आणि ते तुम्ही करू शकता, त्याला मोर्चा पण लागत नाही.

म्हणून आता सरळ विचारते. प्रचाराला वर्गावर्गांत फिराल तेव्हा हे तुम्हाला विचारलं जाणार आहे, मी माझ्या ओळखीच्या सगळ्या ज्युनियरना सांगून ठेवलंय. सामायिक मोकळा तास मागणार का, हो की नाही? संध्याकाळचा कार्यक्रम असेल त्या दिवशी बशी ठेवणार का? वर्गणीशिवाय भाग घेता येईल का? निवडून आल्यावर बघू हे उत्तर चालणार नाही, तेव्हा सेमिस्टर अर्धं झालेलं असतं आणि टाइमटेबल पक्कं असतं. आणि एक छोटं काम निवडणुकीच्या आधीच करा, आपल्या कॉलेजात कोण कुठल्या गावाहून येतं आणि त्याची शेवटची बस किती वाजताची ते प्रत्येक वर्गाच्या सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) लिहून घ्या. गूगल फॉर्म टाका, एका दिवसात होईल. ती यादी हातात असली की प्रिन्सिपलसमोर बोलायला वेगळं काही लागत नाही.

प्रिन्सिपलना द्यायच्या अर्जाचा आणि कदंबला द्यायच्या पत्राचा मसुदा मी मराठीत आणि इंग्लिशमध्ये करून ठेवलाय, कोकणीतला एका मैत्रिणीनं केलाय, देवनागरी आणि रोमी दोन्हीत. कुठल्याही पॅनलनं मागा, सगळ्यांना पाठवते. त्याच्यावर सही जीएसचीच लागते.

तुमची,
सत्तरीची एक पीएचडीवाली